गौरीचा उलटा मुखवटा

गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी मुखवटे चिंचेनं घासायचं काम आमच्या घरात माझं. दोन मुखवटे आहेत, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा, पितळी पत्र्याचे, माझ्या आजीच्या वेळचे. पुढून गोबरे गाल आणि सरळ नाक, मागून नुसती खोलगट वाटी. यंदा घासून धुतले आणि आतलं पाणी सुकावं म्हणून पोकळ बाजू बाहेर करून माजघरातल्या फळीवर भिंतीशी टेकवून ठेवले.

थोड्या वेळानं नात धावत आली. सई दहा वर्षांची आहे. आवाज जरा घाबराच होता.

"आजोबा, गौर माझ्याकडे बघतेय. मी इकडून तिकडे गेले की मान वळवते!"

मागोमाग ओम आला. तो चौदाचा, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण दारातून फळीकडे पाहिलं आणि तोही थबकला. मुखवट्याची पाठ त्याच्याकडे होती आणि तरी त्याला चेहराच दिसत होता, पुढे आलेला, नाकाडोळ्यांनी नीटस.

"एक डोळा मिट," मी म्हटलं. "आता दोन पावलं मागे हो आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे चाल."

तो चालला, तसा चेहरा त्याच्या मागं वळला. मग मी सईला उचलून तिचं बोट नाकाच्या जागी ठेवायला लावलं. बोट आत खड्ड्यात गेलं. ती हसली, खाली उतरली, पुन्हा लांब जाऊन पाहिलं, तर गौर पुन्हा बाहेर आलेली! खड्डा आहे हे बोटानं कळलं होतं, पण डोळ्यांना ते पटत नव्हतं.

बाळांनो, हा चमत्कार मुखवट्यात नाही, आपल्या डोक्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर पडतं ते चित्र सपाट असतं. त्यातून उंच काय, खोल काय, जवळ काय, हे मेंदूला ठरवावं लागतं. जर्मनीतले हेल्महोल्ट्झ नावाचे थोर शास्त्रज्ञ दीडशे वर्षांपूर्वीच सांगून गेले की पाहणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान असतं. आपण जन्मल्यापासून हजारो चेहरे पाहतो आणि त्यातला एकही आतल्या बाजूला खोल नसतो. म्हणून डोळे सांगतात "खड्डा आहे", अनुभव सांगतो "चेहरा कधी खड्ड्याचा असतो का?", आणि या भांडणात अनुभव जिंकतो.

"सगळ्यांना असंच दिसतं?" ओमनं विचारलं.

मी जरा थांबलो. ही गोष्ट मुलांना कधीतरी सांगायचीच होती.

"माझ्या बहिणीला दिसायचं नाही," मी म्हणालो. "तुमच्या कुमुदआजीला."

कुमुद माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिचं बिघडायला लागलं. भिंतीपलीकडच्या बायका आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायची. भिंतीपलीकडे शेत होतं. जेवण सोडलं, झोप गेली. पण माझ्या मनात रुतून राहिलं ते तिचं पाहण्याबद्दलचं बोलणं. एकदा परसात बसलो असताना म्हणाली, "दादा, माणसं सुटी सुटी दिसतात रे. नाक वेगळं, डोळे वेगळे, ओठ वेगळे. सगळं जोडलं की मग कळतं, अरे, ही तर आई." त्याच वर्षी गौरींच्या दिवसांत मी तिला ही उलट्या मुखवट्याची गंमत दाखवायला गेलो, तर माझ्याकडे नवलानं पाहत म्हणाली, "पोकळ तर आहे. तुला चेहरा कुठून दिसतो?"

तिला झालेल्या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात आणि बाहेर सगळे स्किझोफ्रेनिया म्हणतात. एका शरीरात दोन माणसं राहतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. विचार, भावना आणि जाणीव यांची एकमेकांशी असलेली वीण उसवते, असा तो आजार आहे. एका फळीवरच्या मुखवट्यावरून मी सिद्धांत मांडणार नाही. पण पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं आणि मी वाचता वाचता उठून उभा राहिलो. २००९ साली हॅनोव्हर आणि लंडनच्या संशोधकांनी, त्यात डनाई डिमा या मुख्य होत्या, १३ रुग्ण आणि १६ निरोगी माणसांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून खोलगट चेहऱ्यांची चित्रं दाखवली. निरोगी माणसं जवळजवळ दर वेळी फसली. रुग्ण क्वचितच फसले. निरोगी मेंदूत खोलगट चेहरा समोर आला की वरच्या, जाणत्या भागाकडून पाहणाऱ्या भागाकडे जाणारा निरोप जोर धरायचा. रुग्णांच्या मेंदूत तो तसा जोर धरत नव्हता. अनुभवाचा आवाज दबका पडला होता, म्हणून डोळ्यांचं खरं ठरत होतं.

"म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा बरोबर दिसतं?" सई म्हणाली.

या एका बाबतीत, हो. आणखीही एक सांगतो. फिक्या चौकड्यांचा रुमाल ठसठशीत चौकड्यांच्या चादरीवर ठेवला तर तो आणखी फिका वाटतो, कारण मेंदू शेजारच्याशी तुलना करून मगच रुमालाचं काय ते ठरवतो. लंडनच्या स्टीव्हन डेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशाच नक्षीवर प्रयोग केला. बरीच वर्षं आजारी असलेले १५ रुग्ण त्यात होते. भोवतालच्या गडद नक्षीमुळे आपण फसतो तसे त्यांच्यातले बहुतेक जण फसले नाहीत.

ओम विचारात पडला. "मग आजार कसला? चांगलंच आहे की."

त्याला मी अंगणात नेलं. गौरींपुढं घातलेली ठिपक्यांची रांगोळी पावसानं अर्धी पुसली होती. रेषा गेल्या होत्या, थोडे ठिपके आणि तुटके तुकडे उरले होते. "काय होतं इथं?" विचारल्यावर दोघं एकदम म्हणाले, "कमळ!" तुकड्यातुकड्यांतून आकार उचलणं, हे आपण श्वासाइतकं सहज करतो. गवताआड दडलेल्या वाघाचे पट्टे जोडून वाघ ओळखणारे आपले पूर्वज याच कौशल्यावर जगले. विखुरलेल्या रेघांतून एक सलग वळण शोधून काढण्याच्या अशाच चाचण्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्या, तेव्हा त्यांना ते अवघड गेलं. भोवतालचा प्रभाव कमी पडला की फसगत टळते, पण जोडणीही सैल होते. एका ठिकाणी जे बरोबर दिसतं, त्याचीच किंमत दुसरीकडे कमळ हरवून मोजावी लागते. कुमुदची सुटी नाकं, सुटे डोळे मला तेव्हा कळले. आणि ती इतकी दमून का असायची, तेही. दिवसभर घरातल्या प्रत्येक माणसाला नव्यानं जोडायचं, हे काय कमी कष्टाचं आहे?

यापुढची गोष्ट नातेवाइकांची, म्हणजे आपलीच.

त्यासाठी आधी एक खेळ. ओमला म्हटलं, समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे नजर सावकाश सरकव, कुठेही न थांबता. सईला त्याच्या डोळ्यांकडे पाहायला सांगितलं. "सरकत नाहीत आजोबा, उड्या मारतात!" ती ओरडली. ओम म्हणाला, मी तर सरळ सरकवतोय. मग मी दोऱ्याला किल्ली बांधून ती लंबकासारखी हलवली आणि म्हटलं, आता हिच्यावर नजर ठेव. आता डोळे पाण्यावरच्या होडीसारखे वाहू लागले. हलती वस्तू असेल तरच डोळे असे वाहतात, एरवी सेकंदाला तीनेक उड्या मारत जग टिपतात. हात लांब करून अंगठा धरलात तर त्याच्या नखाएवढीच जागा आपल्याला अगदी स्वच्छ दिसते. म्हणून ते नखाएवढं दिसणं हलत्या किल्लीवर धरून ठेवायला मेंदूला किल्लीचा वेग ओळखावा लागतो आणि ती पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी ॲलन डिफेनडॉर्फ नावाचे मनोरुग्णांचे डॉक्टर आणि रेमंड डॉज नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी लंबक पाहणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपल्या आणि १९०८ साली छापल्या. या आजाराच्या रुग्णांचे डोळे वाहत नव्हते, मागे पडायचे आणि मग उडी मारून गाठायचे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी या आजाराला 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं. नाव जगभर गेलं. डोळ्यांची गोष्ट मात्र साठ वर्षं जवळजवळ विसरली गेली.

ती पुन्हा वर काढली फिलिप होल्झमन या संशोधकांनी, १९७३ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, माझ्या दृष्टीनं फार मोठी. त्यांनी रुग्णांच्या आईवडिलांना आणि भावंडांना बोलावलं. ही माणसं धडधाकट होती, नोकऱ्या करत होती, संसार करत होती. त्यांना लंबक दाखवला. सर्वसाधारण शंभर माणसांत सहा-आठ जणांचे डोळे असे अडखळतात. त्या अभ्यासात रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत हे प्रमाण चाळीस-पंचेचाळीसच्या घरात निघालं. पुढं नॉर्वेतल्या जुळ्या भावंडांना तपासलं. एक आजारी, दुसरं निरोगी, अशा जोड्यांतही निरोगी भावंडाच्या डोळ्यांत तीच अडखळ बऱ्याचदा सापडली. १९९९ मध्ये याच मंडळींनी युए चेन यांच्याबरोबर दाखवलं की मुळात वेगांमधला बारीक फरक ओळखणंच रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना जड जातं. म्हणजे अडचण डोळ्यांच्या स्नायूंत नाही, गती पाहणाऱ्या मेंदूत आहे.

यातून काय सिद्ध होतं ते नीट ऐका. कुणी म्हणेल, रुग्ण गोळ्या घेतात, गोळ्यांनी नजर मंदावली असेल. पण भावानं तर एकही गोळी घेतलेली नसते! आणि १९०८ साली या आजारावरच्या आजच्या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. कुणी म्हणेल, वर्षानुवर्षं आजारात खितपत पडल्यामुळे असेल. पण बहीण तर कधी आजारीच पडलेली नसते. निरोगी नातेवाइकांच्या डोळ्यांनी साक्ष दिली की या आजाराची एक मुळी घरातल्या रक्तातून येते आणि ती आजाराच्या आधीपासून तिथे असते.

"तुमचे डोळे?" सईनं हळूच विचारलं.

माझे कुणी मोजले नाहीत. अडखळतही असतील. मला त्याचं भय नाही. उलट या शोधानं माझ्या आईला न्याय मिळाला, म्हणून मला तो प्यारा आहे.

कुमुद आजारी पडली तेव्हा गावानं आधी बाहेरची बाधा म्हटलं. अंगारे झाले, भगत झाला. मग आम्ही तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तासभर आईचीच उलटतपासणी केली. मुलीवर माया केलीत का, फार धाकात ठेवलंत का, नवरा-बायकोत पटतं का. आणि शेवटी म्हणाले, हे घरातून आलंय. आई बाहेर आली ती भिंत धरून. पुढची सगळी वर्षं ती रात्री उठून बसायची आणि आठवायची, कुठं चुकलं. त्या डॉक्टरांचाही तो एकट्याचा दोष नव्हता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामांकित मनोविश्लेषक बाईंनी असा आजार 'निर्माण करणाऱ्या आई'ची कल्पना मांडली होती, आणि ती पाव शतक जगभरच्या आयांच्या मानेवर बसली. होल्झमन यांचे निबंध छापून आले तेव्हा माझी आई जिवंत होती. मला ते तेव्हा ठाऊक असते तर मी तिला वाचून दाखवले असते. ती रुखरुख अजून आहे.

एवढ्यात ओमच्या बाहीवर हिरवा नाकतोडा येऊन बसला. भाद्रपदात अंगणभर असतात. तो त्याला उडवणार, तोच मी म्हटलं, थांब, यानंही आपल्या गोष्टीला मदत केली आहे.

१९६६ मध्ये जॉन आणि लुईस हे दोघे शास्त्रज्ञ कीटकांबद्दल लिहीत होते. नाकतोड्यांच्या काही जाती कुठल्या प्रदेशात टिकतात आणि कुठे नाही, याचं उत्तर बाहेरून पाहून मिळेना. रंग तोच, आकार तोच. उत्तर आत होतं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या लक्षणांत. या आतल्या लक्षणाला त्यांनी एक नाव दिलं, एंडोफिनोटाइप. आपण त्याला अंतर्लक्षण म्हणू. पुढं अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स हे दोघं लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या जुळ्यांवरून स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता शोधत होते. त्यांनी नाकतोड्यांचा हा शब्द उचलला आणि माणसांसाठी वापरला. आजार बाहेरून दिसतो, पण त्याच्या आणि जनुकांच्या मधल्या वाटेवर काही लपलेली लक्षणं असतात, ती आजारी माणसात असतात आणि त्याच्या निरोगी भावंडातही असू शकतात. अडखळणारी नजर हे असं एक अंतर्लक्षण. नाकतोडा ओमच्या बाहीवरून उडून गेला, पण त्याचा शब्द मनोविकारांच्या अभ्यासात रुजला आहे.

मग रक्तात आलं म्हणजे आजार होणारच का? नाही, आणि हे मी मुलांना दोनदा सांगितलं. एका बीजातून जन्मलेल्या जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते, जनुकं सगळी सारखी असूनही. आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असला तर शंभरात दहाएक. दूरच्या नात्यात आणखी कमी. २०२२ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून या आजाराशी नातं असलेल्या २८७ जागा आपल्या गुणसूत्रांवर दाखवल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीचा वाटा चिमूटभर आहे. अडखळणारी नजर आजाराचं भाकीत करत नाही. उलट्या मुखवट्याचंही तसंच. रात्रभर न झोपलेल्या माणसालाही तो पोकळ दिसू शकतो. तेव्हा शाळेतल्या मित्रांवर हा प्रयोग करून कुणाला काही नाव ठेवायचं नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

दिवेलागणीला सईनं आणखी एक विचारलं. "ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांना हा आजार होतो?"

मोठी माणसंही याच प्रश्नापाशी थबकली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात १९८० ते २००१ या काळात जन्मलेल्या ४,६७,९४५ मुलांच्या नोंदी व्हेरा मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यातल्या १,८७० जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता. मेंदूतल्या दृष्टीच्या भागातच बिघाड असल्यामुळे जन्मापासून अंध अशी ६६ मुलं होती. त्यातल्या एकालाही तो झाला नव्हता. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण ओम गणितात हुशार. त्यानं पेन्सिल घेतली आणि म्हणाला, आजोबा, एकूण मुलांत हजारी चार. मग ६६ मध्ये एकही न निघणं तर अगदीच शक्य आहे. बरोबर बोलला. म्हणून शास्त्रज्ञही इथं शिक्का मारत नाहीत. तरीही पाहणाऱ्या मेंदूचा आणि या आजाराचा काही खोल संबंध असावा, ही शंका १९५० पासून अभ्यासकांच्या मनात आहे आणि मुखवटा, चौकडी, लंबक तिला बळच देतात.

कुमुदला उशिरा का होईना, चांगले डॉक्टर मिळाले. गोळ्या लागू पडल्या, आवाज दबले. लग्न झालं नाही, पण ती आमच्यात राहिली. २०११ मध्ये गेली. शेवटच्या वर्षापर्यंत गौरी तीच सजवायची. मुखवटा धडावर बसवला की चार पावलं मागे जायची आणि मन लावून पाहत राहायची, चेहरा पूर्ण जुळेपर्यंत. मग म्हणायची, "आली."

तिचं आजारपण सुरू झालं आणि नीट उपचार मिळाले, यात आमची सहा वर्षं गेली. तुमच्या घरातलं कुणी तरुण माणूस एकाएकी झोप, जेवण, अभ्यास सोडून बसलं, न दिसणाऱ्यांशी बोलू लागलं, ओळखीचे चेहरे परके वाटतात म्हणू लागलं, तर त्याची थट्टा करू नका आणि त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या, आणि घरात पूर्वी कुणाला असं झालं असेल तर ते न लपवता सांगा. कुठं जावं हे सुचत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.